जुन्या रांगेवरची जाळी

१

शनिवारी सकाळी हिल्डी फ्रीसेनच्या द्राक्षमळ्यात असा काही कलकलाट उठला की पाहुण्यांच्या खोलीच्या काचा थरथरल्या. इरेना मॅकअर्डल जागीच होती. तिने पडदा सारला. बर्फाने पांढऱ्या झालेल्या मळ्याच्या वरच्या टोकाला स्टार्लिंग पाखरांचा काळा ढग उतरत होता, उठत होता, पुन्हा उतरत होता. आणि अंगात नवऱ्याचा कोट घातलेली हिल्डी पातेल्यावर डाव बडवत, ओरडत त्या ढगाकडे धावत होती.

"ग्लेन, ऊठ. काहीतरी झालंय."

नवरा घोरत होता. तिने पांघरूण ओढलं, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.

दोघं धावत पोचेपर्यंत पाखरं पोट भरून उडून गेली होती. जुन्या रांगेवरची जाळी बर्फात लोळत होती. वेलींवर राहिले होते नुसते देठ, आणि खाली फुटलेल्या मण्यांचा सडा. बाकीच्या सगळ्या रांगांवरच्या जाळ्या जिथल्या तिथे होत्या.

या भागात गोड वाईनसाठी काही घड भर हिवाळ्यापर्यंत वेलीवरच ठेवतात. कडाका पडला, मणी दगडासारखे झाले, की गोठलेलेच उतरवायचे आणि पिळायचे. तोवर पाखरांपासून जपायला जाळीखेरीज दुसरा आधार नाही. यंदा कडाका लांबला होता. उद्या, रविवारी पहाटे तो पडणार होता, आणि उद्याच घड उतरणार होते.

हिल्डीचा नवरा कॉर्नी मागून सावकाश चालत आला. कोट उघडाच. हिल्डीने रडता रडता त्याच्या कोटाची बटणं लावून दिली, जशी ती रोजच लावत असावी. एवढ्यात लाल पिकअप आवारात शिरली आणि वाईन करणारा डारिओ मस्कारिन उडी मारून उतरला.

"कुणी केलं हे?" तो ओरडला.

हिल्डीने फक्त खाली बोट दाखवलं. पाहुण्यांच्या खोलीपासून थेट रांगेपर्यंत पावलांचे ठसे आले होते आणि तसेच परत गेले होते. टाचेला अरुंद, शहरी बुटांचे. मळ्यातल्या जाड बुटांचे रोजचे ठसे तर सगळीकडेच होते.

सगळ्यांच्या नजरा इरेनाच्या पायांवर खिळल्या. ग्लेनचीसुद्धा.

२

हा सगळा बेत ग्लेनचाच. "चल, दोन दिवस नायगाराला जाऊ. धबधबा बघू, दोन-चार ठिकाणी वाईन चाखू. लग्नाचा वाढदिवस आहे," असं म्हणून त्याने तिला हॅमिल्टनहून गाडीत घातलं होतं. उतरायची जागा त्यानेच ठरवलेली. "ओळखीचे आहेत," एवढंच तो म्हणाला होता.

किती ओळखीचे, ते शुक्रवारी रात्रीच्या जेवणावर कळलं.

हिल्डीने करंजीसारखे, पनीर भरून उकडलेले व्हरेनिके केले होते, वर मलईची दाट कढी. ग्लेनने तीनदा वाढून घेतले. "वा, हिल्डी! तीच चव!" इरेना पोलिश घरातली, तिच्या हातचे पिएरोगी म्हणजे हाच पदार्थ. सहा वर्षांत ग्लेनने ते मुकाट्याने खाल्ले होते. 'वा' कधी ऐकू आलं नव्हतं.

आणि मग हिल्डी हसत म्हणाली, "वरच्या टोकाची ती जुनी रांग आहे ना, ती ग्लेनने लावलीय. स्वतःच्या हातांनी. त्याचं आणि माझं लग्न ठरलं होतं त्या उन्हाळ्यात."

इरेनाचा घास तोंडातच राहिला. लग्न ठरलं होतं? तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. तेवढ्यात बाजूला उभा राहून वाईन ओतणाऱ्या डारिओने तिचा ग्लास काठोकाठ भरला, त्याच्याही वर भरला. वाईन पांढऱ्या कापडावरून तिच्या मांडीवर आली. "माफ करा, मॅडम," तो पुटपुटला. इरेनाने कापड टिपलं, पण लक्ष सगळं त्या लाल कानांवर.

जेवण झाल्यावर ती एकटी बाहेर पडली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता स्वयंपाकघरात हिल्डी तिच्यासमोर बसली होती. डोळे सुजलेले, पण आवाज मऊच. तो मऊपणाच इरेनाला जास्त झोंबला.

"तुम्ही विमा कंपनीसाठी पिकांचं नुकसान बघता ना?"

"हो. गारपीट, आग, दंव. पंचवीस वर्षं तेच करतेय."

"मग कुठे हात घातला की सगळ्यात जास्त नुकसान होतं, हे तुम्हाला बरोबर कळत असेल."

"मी काल हवा खायला गेले होते," इरेना म्हणाली.

"बरोबर त्याच रांगेपर्यंत?"

इरेनाने ग्लेनकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल म्हणून तिने वाट पाहिली. 'माझी बायको असं करणार नाही', एवढंच. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"मी पोलिसांना बोलावणार नाही," हिल्डी उठत म्हणाली. "ग्लेनकडे बघून."

ग्लेनकडे बघून! पोलीस आले असते तर बरं, असं इरेनाला वाटलं. त्या बाईच्या उपकाराखाली मान घालून इथून जायचं, ते तिला जमणार नव्हतं.

३

ती पुन्हा रांगेपाशी गेली. या वेळी कामाच्या नजरेने.

पहिली गोष्ट तिला लगेच दिसली. जाळी फाडलेली नव्हती, कापलेली नव्हती. वेलीखाली जाळीची दोन टोकं जिथे प्लॅस्टिकच्या चिमट्यांनी जोडतात, तिथून ती सोडवलेली होती. आणि चिमटे? एकही बर्फात पडलेला नव्हता. एकेक चिमटा खालच्या तारेला नीट अडकवून ठेवला होता, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

इरेना पाहत उभी राहिली. चिमटे बर्फात हरवले की वसंतात कंबर मोडेस्तोवर शोधावे लागतात, म्हणून मळ्यात राबणारी माणसं ते तारेलाच लावतात. हे ज्याने केलं तो रागाने पेटला असेल, पण त्याची बोटं आपली रोजची सवय विसरली नव्हती.

हे तिला हिल्डीला सांगता आलं असतं. पण आळ तिच्यावर, आणि पुरावा शोधणारीही तीच, कोण ऐकणार?

कॉर्नी औजारांच्या खोलीत शेगडीपाशी बसला होता. मुरंब्याची बरणी मांडीवर घेऊन तो झाकणाशी झटत होता. बोटं गाठी आलेली, वाकडी. इरेनाने न विचारता बरणी घेऊन उघडून दिली.

"मी केलं असं तुम्हालाही वाटतं?" तिने विचारलं.

"मला काही वाटत नाही बाई. घड गेले ते गेले."

"त्या रांगेचा तुम्हाला कधी राग आला नाही? रोज डोळ्यासमोर?"

कॉर्नी हसला. "सव्वीस वर्षं मी त्या रांगेची वाईन पितोय. राग यायचा तो पहिल्या दोन वर्षांत येऊन गेला. आता मला फक्त माझ्या गुडघ्यांचा राग येतो. आणि या पूर्वेच्या वाऱ्याचा. गुरुवारपासून एकसारखा वाहतोय, हाडं नुसती ठणकतायत."

डारिओ द्राक्षं पिळायच्या यंत्राची सफाई करत होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. तिला पाहून त्याने पाठ फिरवली.

"मी इथे नव्हतोच, मॅडम. अंधारातच निघालो होतो. दर शनिवारी धबधब्यावर जातो. कठड्यासमोर गाडी लावायची, कॉफी घ्यायची, उजाडताना बघत राहायचं. आज तर तुषार असे उसळत होते की पलीकडचा काठ दिसत नव्हता."

"बरोबर कुणी?"

"मला कोण आहे?" त्याने ब्रश आपटला. "अकरा वर्षं ती रांग मी छाटतोय. दुसऱ्या कुणाला हिल्डी हात लावू देत नाही. मला वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"काही नाही. तुम्ही पाहुण्या. आज आलात, उद्या जाल."

बाहेर पडताना उंबऱ्याशी इरेनाचा पाय सटकला. तोल सावरायला तिने त्याच्या पिकअपच्या दारावर हात टेकला. हातमोजा पांढराफटक झाला. रस्त्यावर टाकतात त्या मिठाची कोरडी पूड दाराला जाड बसली होती. तिने मोजा कोटाला पुसला.

समोर ग्लेन किल्ल्या घेऊन उभा होता. त्याचा चेहरा पडलेला.

"चल," तो म्हणाला. "निदान धबधबा तरी बघू. मला तुझ्याशी बोलायचंय."

४

गाडी त्याने कठड्यासमोरच लावली. थंडीमुळे माणसं तुरळक होती. पाण्याचा तो अजस्र पडदा कोसळत होता, आणि त्यातून उठलेले तुषार वाऱ्याबरोबर थेट त्यांच्या अंगावर येत होते. कठडा, दिव्यांचे खांब, झाडं, सगळं काचेत बुडवून काढल्यासारखं झालं होतं.

"इरेना," ग्लेनला पाण्याच्या आवाजावर ओरडावं लागत होतं, "खरं सांग. तू नाही ना केलंस?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटत नाही तू केलंस असं. पण तू तिथे गेली होतीस, आणि मला बोलली नाहीस."

"आणि तू? तू सहा वर्षांत बोललास?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"आले असते! आणि रविवारपर्यंत त्या बाईला नजरेनं भाजून काढलं असतं!"

ग्लेनला हसू येता येता राहिलं.

"तिने पत्र पाठवलं होतं," तो म्हणाला. "ये म्हणून. का ते माहीत नाही. यायची इच्छा झाली, खोटं बोलत नाही. म्हणून तुला घेऊन आलो. एकट्याने यायचं नव्हतं मला."

इरेनाच्या पापण्यांवर बर्फाचे कण धरले होते. त्या मिटल्या की चिकटत होत्या.

"काल मी रांगेपर्यंत गेले," ती म्हणाली. "जाळीत बोटं अडकवली. ओढली असती तर आली असती. ग्लेन, मला ओढायची होती. मग परत आले आणि तुझ्या शेजारी रात्रभर डोळे उघडे ठेवून पडले. झोपेत तू तिचं नाव घेतोस का, ते ऐकत."

"घेतलं?"

"नाही. घोरलास."

दोघं गाडीकडे वळले. गाडी ओळखू येत नव्हती. त्या तेवढ्या वेळात काचा, दारं, चाकं, आरसे, सगळ्यावर बर्फाचं गुळगुळीत कवच चढलं होतं. दार उघडेना. ग्लेनने दोन-चार गुद्दे घातले तेव्हा ते कड्कन सुटलं. मग खरवडणी काढून तो समोरच्या काचेला भिडला.

इरेना दारासमोर तशीच उभी राहिली. मग तिने आपला हातमोजा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"थांब! पुढची काच तेवढी साफ कर. बाकी कशाला हात लावू नकोस."

"वेड लागलंय का तुला?"

"लागू दे. सरळ मळ्यावर चल. कुठे थांबायचं नाही."

५

मळ्याच्या आवारात ती काचेची गाडी शिरली तेव्हा कॉर्नी दारात आला, त्याच्यामागे हिल्डी. इरेनाने ग्लेनला गाडी डारिओच्या पिकअपला खेटून लावायला सांगितली. डारिओ यंत्राच्या खोलीतून बाहेर आला आणि दोन्ही गाड्यांकडे पाहून जागीच थबकला.

"हिल्डी," इरेना म्हणाली, "आम्ही धबधब्यासमोर फार वेळ नव्हतो. तेवढ्यात आमच्या गाडीची ही अवस्था झाली. डारिओ म्हणतो तो पहाटेपासून तिथेच होता, त्याच कठड्यासमोर. वारा गुरुवारपासून पूर्वेचाच आहे, कॉर्नी सांगतील. थंडी सकाळपासून तेवढीच. बर्फ वितळलेला नाही. मग त्याच्या गाडीवर एक कणही कसा नाही?"

"धुतली मी. वाटेत," डारिओ म्हणाला.

"धुतली?" तिने पिकअपच्या दारावर बोट ओढलं आणि पांढरं बोट सगळ्यांना दाखवलं. "आणि हे मीठ तेवढं ठेवलं?"

डारिओ एक पाऊल मागे सरला.

"धबधब्यावर नव्हता म्हणजे त्याने हे केलं, असं होत नाही," हिल्डी म्हणाली. तिचा आवाज मात्र बदलला होता. "ठसे तुमचे आहेत."

"ठसे माझेच आहेत. जाळी ओढायच्या विचारानेच गेले होते मी." हिल्डीने चमकून पाहिलं. "पण मी असते तर हिसडून फाडली असती. इथे चिमटे एकेक करून सोडवलेत आणि तारेला लावून ठेवलेत. ते मळ्यातल्या माणसाचं काम. ग्लेनचं नाही, तो रात्रभर माझ्या शेजारी होता, आणि काल रात्री माझ्याइतकं त्याच्यावर लक्ष कुणी ठेवलं नसेल. राहिलात तुम्ही तिघं. तुम्हाला ती रांग नको असती तर तुम्ही एका शब्दात उपटून टाकली असती, मालकीण तुम्हीच. कॉर्नींना स्वतःच्या कोटाचं बटण लावता येत नाही, ते एवढे चिमटे कसे सोडवणार?"

"बरणीपण उघडत नाही," कॉर्नीने पुस्ती जोडली.

"आणि त्यांना ही गोष्ट सव्वीस वर्षं माहीत आहे. आजच का पेटतील ते? ती रांग ग्लेनने लावली, हे काल जेवताना पहिल्यांदा कळलं ते दोघांनाच. एक मी. ऐकून मी तडक रांगेकडे गेले. दुसऱ्याने माझा ग्लास भरता भरता अख्खं टेबल भिजवलं. अकरा वर्षं वाईन ओतणाऱ्या माणसाचा हात असा कशाने सुटतो, ते काल मला कळायला हवं होतं. पण मीही त्याच्यासारखीच आंधळी झाले होते."

हिल्डी डारिओकडे वळली.

"डारिओ?"

त्याने टोपी काढून हातात चुरगाळली. "मला वाटायचं ती रांग आपली आहे," तो म्हणाला. "तुझी आणि माझी. छाटताना तू यायचीस, गप्पा मारायचीस. बाकी मळ्यात कुठे यायची नाहीस, त्याच रांगेत यायचीस. मला वाटायचं, माझ्यासाठी येते. काल कळलं, कुणासाठी यायचीस ते."

"अरे वेड्या," हिल्डीचा आवाज चिरकला. "मी वेलींसाठी यायचे! एका वर्षी दंवाने सगळा मळा मेला होता, तेवढीच एक रांग वाचली होती. ग्लेनने लावलेल्या निम्म्या वेली तर वाकड्याच होत्या. आता त्या थकल्या. वसंतात उपटणार होते मी. शेवटचे घड, म्हणून त्याला बोलावलं. बायकोला घेऊन ये, असं लिहिलं होतं."

डारिओने खिशातून मळ्याच्या किल्ल्या काढून पिकअपवर ठेवल्या. कॉर्नी सावकाश पुढे झाला, त्याने त्या आपल्या वाकड्या बोटांनी कशाबशा उचलल्या आणि परत डारिओच्या हातात कोंबल्या.

"पहाटे घड उतरवायचेत," तो म्हणाला. "सोमवारी जा."

"तुम्हाला... माझं... माहीत होतं?" डारिओने विचारलं.

"अकरा वर्षं एका टेबलावर जेवतोय आपण," कॉर्नी म्हणाला आणि घरात निघून गेला.

६

रविवारी पहाटे हातांची कमतरता होती, म्हणून मॅकअर्डल नवरा-बायकोही मळ्यात उतरले. इरेनाला हिल्डीच्या समोरची बाजू मिळाली. वेलीच्या एका अंगाला ही, दुसऱ्या अंगाला ती. घड हाताला लागले की गारगोट्यांसारखे वाजत. डारिओ दूर, शेवटच्या रांगेत एकटाच होता. त्याच्या बाजूला कुणी पाहत नव्हतं.

"मी तुझ्यावर आळ घेतला," हिल्डी वेलीपलीकडून म्हणाली. 'तुम्ही' गळून पडलं होतं. "पण जाळी ओढायला येऊन तू तशीच परत का गेलीस?"

"घड दिसले. जन्मभर पिकांचं वाटोळं झालेलं बघत आलेय. पिकावर हात टाकवला नाही."

"माझ्यावर टाकवला असता?"

"आनंदाने."

हिल्डी मोठ्याने हसली. इरेनाही हसली, पण त्या हसण्यातली हिल्डी अजून देखणी दिसते, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

दुपारी दोघं निघाले. उजवीकडे सरोवर राखाडी पसरलेलं.

"सांग," इरेना म्हणाली.

"काय?"

"सगळं. ती तुला पहिल्यांदा भेटली तिथपासून."

ग्लेन सांगू लागला. तिच्या वडिलांच्या मळ्यात कामाला होतो, गोदामावरच्या माळ्यात राहायचो. तिचे वडील जेवणाआधी इतकी लांब प्रार्थना म्हणायचे की सूप गार व्हायचं. वेली लावताना दोरी धरायला तीच यायची. सरोवरात पोहायला जायचो, एकदा तिचा बूट वाहून गेला. दोन दिवस इरेना ज्या गोष्टीला घाबरत होती, ती ही अशी साधी, कुणाच्याही तरुणपणी घडेल अशी निघाली.

"आणि मोडलं का?"

हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यांचा धूर समोर दिसू लागला होता. ग्लेनने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"मी नाही मोडलं," तो म्हणाला. "तिने मोडलं."

पुढचा प्रश्न इरेनाच्या जिभेवर आला: तिने मोडलं नसतं तर? पंचवीस वर्षं लोकांना पुढचा प्रश्न विचारूनच तिने पोट भरलं होतं. तिने तो गिळला.

"घरात दूध नसेल," ती म्हणाली. "कोपऱ्यावर थांब."

गाडी थांबवून ग्लेन दुकानात शिरला. काचेपलीकडे तो दुधाच्या कपाटापुढे उभा होता, थोडा वाकून, तारीख वाचत. इरेना त्याच्याकडे बघत बसली. कुणा अनोळखी माणसाकडे बघावं तसं. तो परत येऊन शेजारी बसेपर्यंत तिने नजर काढली नाही.